पिंग येतो, फाइल अडकते: मोठ्या पॅकेटचं राउटरने करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात धंतोलीला ऑफिस, बुटीबोरीला युनिट. दोन्हीकडे पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडायची पद्धत) चालणारं फायबर ब्रॉडबँड आणि दोन लिनक्स राउटरांमध्ये वायरगार्डचा टनल, म्हणजे इंटरनेटवरून काढलेली खाजगी वाट. बुटीबोरीहून धंतोलीच्या सर्व्हरला पिंग (पोहोच तपासायचं लहान पॅकेट) नीट येतो, लॉगिनचं पान उघडतं, पण मोठा रिपोर्ट मागितला की स्क्रीन तशीच थांबून राहते. कुणीतरी बुटीबोरीच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर एमटीयू (पॅकेटाचं कमाल माप) १४०० करायला सांगितलं, तसं केल्यावर काम सुरू झालं. आता तुम्ही विचारताय की हे बरोबर झालं का, आणि अशी मोठी पॅकेटं पुढे पाठवताना राउटरने मुळात काय करायला हवं.

काम सुरू झालं हे चांगलंच. पण दुखणं आहे तिथेच आहे. उद्या युनिटमध्ये नवा लॅपटॉप येईल, बायोमेट्रिक मशीन येईल, त्यांच्यावर १५०० च असणार आणि तीच तक्रार पुन्हा सुरू होईल. तोवर १४०० कुणी आणि का केलं होतं हे कुणाला आठवणारही नाही. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १५०० बाइटपर्यंत माल मावतो. ही मर्यादा म्हणजेच एमटीयू, आणि तिच्यात आयपी आणि टीसीपीची हेडरं, म्हणजे पत्ता आणि क्रम सांगणारी माहिती, धरलेली असतात. दोन्हीची साधी हेडरं २०-२० बाइटची, म्हणून टीसीपीच्या खऱ्या डेटाला १४६० उरतात. या १४६० ला एमएसएस म्हणतात. आता वाटेत जो कुणी पॅकेटवर आणखी एक वेष्टण चढवतो, तो याच १५०० मधून जागा घेतो. पीपीपीओई ८ बाइट घेतो, उरतात १४९२. जीआरई नावाचा साधा टनल २४ घेतो, उरतात १४७६. वायरगार्ड आयपीव्ही४ (आयपीची जुनी आवृत्ती) वरून जात असेल तर ६० घेतो, आयपीव्ही६ (नवी) वरून ८०. त्याचा नेहमी दिसणारा १४२० हा आकडा म्हणजे १५०० वजा ८०. तुमच्या टनलवर बहुधा हाच असेल.

आता सर्व्हरने १५०० बाइटचं पॅकेट सोडलं आणि ते धंतोलीच्या राउटरवर आलं. राउटरने रूटिंग टेबल पाहिलं. पुढचा रस्ता टनलचा, त्याचं माप १४२०. पॅकेट मावत नाही. या क्षणी राउटर आयपी हेडरमधला एकच बिट पाहतो: डोन्ट फ्रॅगमेंट, म्हणजे डीएफ.

डीएफ नसेल तर राउटर तुकडे करतो. १५०० मधलं २० चं हेडर बाजूला काढलं की १४८० बाइट माल राहतो. १४२० च्या रस्त्यावर एका तुकड्यात हेडर सोडून १४०० मावतात. शेवटचा सोडून प्रत्येक तुकड्याचा माल ८ ने भागला जाणारा हवा, कारण तुकड्याची जागा सांगणारं खातं ८-८ बाइटच्या हिशोबात मोजतं. १४०० भागिले ८ बरोबर १७५. म्हणून पहिला तुकडा १४२० बाइटचा, त्याच्यावर 'अजून तुकडे आहेत' ही खूण. दुसरा फक्त १०० बाइटचा, २० हेडर आणि ८० माल, त्याच्यावर जागा म्हणून १७५ हा आकडा. हे तुकडे वाटेतल्या राउटरांनी जोडायचे नसतात, शेवटच्या मशीनने जोडायचे असतात.

कागदावर हे छान दिसतं आणि १९८१ च्या आयपीच्या मूळ दस्तऐवजात ते असंच लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तुकडे करणं मला आवडत नाही, आणि त्याला कारणं आहेत. एक तुकडा हरवला की पूर्ण पॅकेट फुकट जातं. त्याहून मोठी अडचण अशी की टीसीपी किंवा यूडीपीचा (पोच न मागणारी साधी पद्धत) पोर्ट नंबर, म्हणजे माल कुठल्या प्रोग्रामचा ते, फक्त पहिल्या तुकड्यात असतो. कळमना मार्केटच्या गेटवर एकाच मालाच्या दोन गाड्या आल्या आणि बिल्टी फक्त पहिल्या गाडीत असली, तर गेटवरच्या माणसाने दुसरीचं काय करावं? फायरवॉल आणि नॅटची (पत्ते बदलून देणारी व्यवस्था) अगदी हीच अवस्था होते. काही जण सगळे तुकडे येईपर्यंत थांबवून ठेवतात, काही जण बिल्टी नसलेली गाडी सरळ टाकून देतात. शिवाय तुकड्यांची ओळख पटवणारा क्रमांक १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पॅकेटांनंतर तो पुन्हा पहिल्यापासून येतो. १ गिगाबिटच्या लाइनवर पूर्ण मापाची पॅकेटं सेकंदाला ८१ हजारांच्या आसपास जातात, म्हणजे एका सेकंदाच्या आतच क्रमांक परत फिरून येऊ शकतो. लिनक्स मात्र अर्धवट पॅकेटाची ३० सेकंद वाट पाहतो. जुन्या पॅकेटाला नव्याचा तुकडा चिकटायची सोय आपणच करून ठेवलेली असते.

म्हणूनच आजकालची जवळपास सगळी टीसीपी पॅकेटं डीएफ लावून निघतात. डीएफ असेल तर राउटरला तुकडे करायची परवानगी नाही. पॅकेट टाकून द्यायचं, आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कची खबर देणारी पद्धत, पिंगही तिचाच) निरोप पाठवायचा: प्रकार ३, कोड ४, 'तुकडे करावे लागतील पण डीएफ लावलेला आहे'. या निरोपात पुढच्या रस्त्याचं माप लिहायची जागा १९९० मध्ये ठरली. त्याआधी राउटर फक्त 'मावत नाही' एवढंच सांगायचा, किती मावतं ते सांगायचा नाही. निरोपात मूळ पॅकेटाचं हेडर आणि पुढचे निदान ८ बाइटही परत जातात. टीसीपीच्या त्या ८ बाइटांत दोन्ही पोर्ट आणि सिक्वेन्स नंबर येतो, म्हणून सर्व्हरला कळतं की कुठल्या कनेक्शनबद्दल बोलणं चाललंय. मग सर्व्हर त्या पत्त्यासाठी १४२० लक्षात ठेवतो, तोच डेटा लहान पॅकेटांत भरून पुन्हा पाठवतो, आणि पुढे सगळं सुरळीत चालतं. यालाच पाथ एमटीयू डिस्कव्हरी म्हणतात.

या पूर्ण व्यवस्थेचा भार त्या एका निरोपावर आहे. तो पोहोचला नाही तर सर्व्हर पुन्हा तेच १५०० चं पॅकेट पाठवतो, राउटर पुन्हा टाकतो, आणि हे कनेक्शन तुटेपर्यंत चालतं. कुणाच्याही स्क्रीनवर एरर येत नाही. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या अशा तक्रारींमध्ये राउटरने निरोप पाठवलाच नाही असं क्वचित निघालं. बहुतेक वेळा निरोप वाटेत कुणीतरी मारलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेलो होतो. सर्व्हर शहरातल्या ऑफिसात, मधे लीज लाइनवर जीआरई टनल. अकाउंटंट वैतागून गेले होते. "पिंग तर येऊन राहिला ना सर, मंग बिल काऊन नाही उघडत?" त्यांचा प्रश्न रास्त होता. तोवर स्विच बदलून झाला होता, सॉफ्टवेअरवाल्याशी भांडण झालं होतं, सर्व्हरच्या डिस्कवरही संशय घेऊन झाला होता. मी त्यांच्या शेजारी बसून नुसतं काम पाहत राहिलो. तासाभरात एक गोष्ट लक्षात आली. पाच-सहा ओळींचं बिल लगेच उघडत होतं. चाळीस ओळींचं कधीच नाही. लहान चालतं आणि मोठं अडतं असं दिसलं की आधी मापाकडे बघावं, केबलकडे नंतर.

कारखान्यातल्या लॅपटॉपवर वायरशार्क (पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला. चाळीस ओळींच्या बिलाचं उत्तर ३,९०० बाइटचं होतं, म्हणजे सर्व्हरने ते १४६०, १४६० आणि ९८० अशा तीन भागांत पाठवायला हवं. लॅपटॉपपर्यंत फक्त शेवटचा ९८० चा भाग पोहोचला होता. लॅपटॉप पुन्हा पुन्हा सांगत होता की शेवटचा भाग मिळाला, आधीचे २,९२० बाइट कुठे आहेत? एवढं चित्र पाहिलं तरी निदान जवळपास झालेलं असतं. लाइन खराब असती तर कधी पहिला भाग गेला असता, कधी तिसरा. इथे दर वेळी मोठे दोनच जात होते आणि छोटा सुखरूप येत होता.

मग ऑफिसच्या राउटरवर पॅकेटं पकडली. १५०० ची दोन पॅकेटं आत येत होती आणि राउटर प्रत्येकाला नीट उत्तर देत होता: मावत नाही, १४७६ करा. थोड्या वेळाने तेच पॅकेट परत, मग दुप्पट वेळाने परत, मग त्याच्या दुप्पट. राउटर दर वेळी आपलं काम इमानदारीने करत होता. शेवटी सर्व्हरवर पाहिलं. तिथे एकही निरोप पोहोचला नव्हता. सर्व्हर आणि राउटरच्या मधे एक फायरवॉल होती, आणि तिच्यात सुरक्षेच्या नावाखाली एक नियम होता: पिंगची ये-जा चालू, बाकी सगळं आयसीएमपी बंद. पिंग येत होता तो या नियमामुळेच, आणि दोन दिवस सगळ्यांची दिशाभूल झाली तीही त्या पिंगमुळेच. प्रकार ३ ला परवानगी दिल्यावर चाळीस ओळींचं बिल क्षणात उघडलं. अकाउंटंट काही बोलले नाहीत, त्यांनी पुढचं बिल काढलं.

हा नियम मला आजही ठिकठिकाणी दिसतो आणि दर वेळी मनापासून वाईट वाटतं. आयसीएमपी म्हणजे हॅकरची वाट, असं कुणीतरी कधीतरी शिकवलेलं असतं. पण माणसाच्या उपयोगाचा पिंग चालू ठेवून यंत्रांच्या उपयोगाचा निरोप बंद करणं हे उलटंच झालं. काही बंद करायचंच असेल तर पिंग बंद करा, प्रकार ३ नको.

आता तुमच्याकडे काय करायचं ते. पहिलं काम निरोपाची वाट मोकळी करणं. लिनक्स राउटरवर 'एस्टॅब्लिश्ड' आणि 'रिलेटेड' स्थितीतल्या पॅकेटांना जाऊ देणारा नियम वरच्या बाजूला असेल, तर वाटेतल्या दुसऱ्या राउटरांकडून आलेले असे निरोप 'रिलेटेड' म्हणून आपोआप पार होतात. पण राउटरने स्वतः तयार केलेला निरोप आउटपुट साखळीतून (राउटरच्या स्वतःच्या पॅकेटांचे नियम) बाहेर पडतो, तिथे कुणी आयसीएमपी अडवलंय का तेही पाहा. सर्व्हर विंडोजचा असेल तर त्याच्या फायरवॉलमध्ये 'कोअर नेटवर्किंग' गटात नेमका याच निरोपासाठी नियम असतो. तो मुळात चालू असतो, कुणी बंद केला असेल तर परत चालू करा.

दुसरं काम एमएसएस क्लॅम्पिंग. टीसीपी कनेक्शन सुरू होताना दोन्ही बाजू सिन पॅकेटात आपापला एमएसएस सांगतात. कॉम्प्युटरांवर १४०० केल्यावर तुमचं काम का सुरू झालं याचं उत्तर इथेच आहे. तो कॉम्प्युटर सर्व्हरला सांगू लागला की मला १३६० पेक्षा मोठा भाग पाठवू नकोस, आणि सर्व्हरने ऐकलं. हेच बोलणं प्रत्येक मशीनऐवजी राउटर बदलू शकतो. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) मँगल टेबलाच्या फॉरवर्ड साखळीत, सिन पॅकेटांसाठी, टीसीपीएमएसएस टार्गेट आणि त्याचा 'क्लॅम्प एमएसएस टू पीएमटीयू' हा पर्याय. तो रस्त्याच्या मापावरून स्वतः आकडा काढतो आणि जाहीर केलेला एमएसएस फक्त कमी करतो, वाढवत कधीच नाही. १४२० च्या टनलवर तो १३८० होतो. मायक्रोटिकचे राउटर वापरणाऱ्यांसाठी पीपीपी प्रोफाइलमध्ये 'चेंज टीसीपी एमएसएस' आहे, पण ते पीपीपीच्या जोडणीपुरतं. टनलसाठी मँगलमध्ये वेगळा नियम लिहावा लागतो.

मग निरोपाची वाट कशाला मोकळी करायची, क्लॅम्पिंग पुरे नाही का? नाही. क्लॅम्पिंग फक्त टीसीपीचं ऐकतं. यूडीपीत सिन नाही आणि एमएसएसही नाही. व्हॉइस कॉलची पॅकेटं लहान असतात म्हणून ती वाचतात, पण मोठी डीएनएस उत्तरं किंवा दुसऱ्या टनलात घातलेला टनल वाचत नाही. डीएनएसवाल्यांनी २०२० मध्ये उत्तराचं माप १२३२ बाइट ठेवायचं ठरवलं ते याच कारणाने: १२८० (आयपीव्ही६ चं किमान माप) मधून आयपीव्ही६ चे ४० आणि यूडीपीचे ८ वजा. ब्राउझर आजकाल वापरतात ते क्विकही (यूडीपीवर चालणारी पद्धत) कनेक्शनची सुरुवात निदान १२०० बाइटच्या पॅकेटाने करतं, वाटेत तुकडे होऊ देत नाही आणि पुढचं माप स्वतः चाचपून वाढवतं.

काही जण तिसरा उपाय सांगतात, राउटरवर डीएफ बिट पुसून टाकायचा. अगदी नाइलाज असेल आणि पलीकडची फायरवॉल तुमच्या हातात नसेल तर तात्पुरतं करा. पण मग वर सांगितलेला तुकड्यांचा सगळा त्रास तुम्ही स्वतःहून ओढवून घेता, आणि पाठवणाऱ्याने जे करू नको म्हटलं तेच करता. त्यापेक्षा सर्व्हर लिनक्सचा असेल तर त्याच्या कर्नलमधलं 'टीसीपी एमटीयू प्रोबिंग' १ करा. मग मोठी पॅकेटं सतत गायब होतायत असा संशय आला की सर्व्हर निरोपाची वाट न बघता स्वतःच लहान माप वापरून बघतो. ही पद्धत २००७ पासून लिहून ठेवलेली आहे, तरी लिनक्समध्ये ती मुळात बंद असते.

आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर तुकडे करतच नाही. डीएफ बिटही नाही, कारण त्याची गरज नाही. न मावणारं पॅकेट टाकायचं आणि 'पॅकेट टू बिग' हा आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २ चा निरोप पाठवायचा. प्रत्येक रस्त्याने निदान १२८० तरी पेललेच पाहिजेत. आयपीव्ही६ मध्ये आयसीएमपी सरसकट बंद केलं तर शेजारच्या मशीनचा पत्ता शोधणंसुद्धा बंद पडतं, त्यामुळे तिथे निदान चूक लवकर लक्षात येते.

वायरगार्डबद्दल एक खास गोष्ट. तुमच्या लाइनीवर १४९२ च मिळतात. टनल आयपीव्ही४ वरून जात असेल तर १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, आरामात मावतं. पण कधी तो आयपीव्ही६ वरून जोडला गेला तर १४२० अधिक ८० म्हणजे १५००, आणि बाहेरचं पॅकेट ८ बाइटने अडतं. म्हणून पीपीपीओईवर मी दोन्ही टोकांना १४१२ लिहितो. आठ बाइटांसाठी रात्री फोन यायला नको.

राउटरवर पॅकेटं पकडताना २,९६० किंवा त्याहून मोठी पॅकेटं दिसली तर गोंधळू नका. नेटवर्क कार्ड आणि कर्नल मिळून एका कनेक्शनची लागोपाठची पॅकेटं जोडून एकच म्हणून वर देतात, याला जीआरओ म्हणतात. आतल्या प्रत्येक भागाचं मूळ माप लिनक्स जपून ठेवतो आणि पुढे पाठवताना तेच माप रस्त्याशी ताडून पाहतो, जोडलेल्या गाठोड्याचं नाही. अशीच पॅकेटं जोडणारं जुनं एलआरओ मात्र हे मूळ माप विसरतं, म्हणून फॉरवर्डिंग चालू केल्यावर लिनक्स ते बंद करतो.

स्विचचंही लक्षात ठेवा. स्टोरेज बॉक्सवर कुणी ९००० चे जंबो फ्रेम लावले आणि मधला स्विच १५०० चाच राहिला, तर तो मोठी फ्रेम गुपचूप टाकतो. त्याला आयपी कळत नाही, निरोप पाठवणार कोण? एका लॅनमधल्या सगळ्यांचं माप एकच असलं पाहिजे, तिथे कुठलीही डिस्कव्हरी मदतीला येत नाही.

आता तपासणी. बुटीबोरीचा एकच कॉम्प्युटर परत १५०० वर न्या, बाकीच्यांना अजून हात लावू नका. मग धंतोलीच्या सर्व्हरवरून त्या कॉम्प्युटरला डीएफ लावून १४७२ बाइटचा पिंग करा. २० आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे धरून तो बरोबर १५०० होतो. विंडोजवर पिंगला एफ आणि एल हे पर्याय द्यायचे, लिनक्सवर मोठा एम 'डू' सोबत आणि लहान एस. 'तुकडे करावे लागतील' असं उत्तर आलं तर निरोप पोहोचतोय, म्हणजे वाट मोकळी आहे. काहीच उत्तर न येता वेळ संपली, आणि १३८४ चा पिंग मात्र परत आला, तर निरोप मारला जातोय. अशा वेळी राउटर आणि सर्व्हर दोन्हीकडे एकाच वेळी पॅकेटं पकडा, तो कुठे गायब होतो ते दिसेल. लिनक्स शिकलेलं माप १० मिनिटं लक्षात ठेवतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर रूट कॅश साफ करून मगच पुन्हा तपासा, नाहीतर जुन्या आठवणीवर चाचणी पास होईल.

तो एक कॉम्प्युटर १५०० वर असताना मोठा रिपोर्ट उघडला की बाकीचे एकेक करून परत १५०० वर आणा, आणि १४१२ हा आकडा दोन्ही राउटरांच्या डब्यांवर चिकटपट्टी लावून तारखेसह लिहून ठेवा.